बिल्बाओ एका इमारतीने उभं राहिलं नाही

गेली कित्येक वर्षं एक मजकूर चकाकत्या इमारतीच्या फोटोसकट फिरतो आहे. त्याचा सारांश असा: 'स्पेनमधलं बिल्बाओ हे बुडीत निघालेलं कारखान्यांचं शहर होतं. तिथे गुगेनहाइम हे कलासंग्रहालय झालं आणि शहराचं नशीब पालटलं. हे कुठल्याही शहराला जमेल. पडक्या वस्तीत कलाकारांना आणा, भिंती रंगवा. पर्यटक येतील, रोजगार येईल, सगळ्यांचंच भलं होईल.' शहरात कला भरपूर हवी असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हा मजकूर खोडून काढायला हवा.

पहिला दावा, संग्रहालयाने शहर वाचवलं. वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांची ती टायटॅनियमच्या पत्र्यांची इमारत उघडली १९९७ मध्ये. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त लोक आले, हे खरंच आहे. पण शहर सावरायचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. १९८३ च्या पुराने जुन्या शहराची दैना केली, त्याच दशकात जहाजबांधणी बसली आणि बेकारी वाढली. कारखान्यांच्या आणि घरांच्या सांडपाण्याने शहरातून वाहणारी नेर्व्हिऑन नदी मेल्यात जमा होती. ती साफ करण्याचा मोठा कार्यक्रम संग्रहालयाच्या आधीपासून चालू होता. बंदर शहरातून हलवून समुद्राच्या तोंडाशी नेलं. १९९२ मध्ये 'बिल्बाओ रिआ २०००' ही सरकारी संस्था निघाली. रेल्वेची आणि बंदराची पडून असलेली जमीन तिने विकसित केली आणि जमीनविक्रीतून आलेला पैसा पुन्हा शहराच्याच कामांत घातला. १९९५ मध्ये मेट्रो धावू लागली. शिवाय बिल्बाओ ज्यात येतं तो बास्क प्रांत आपले बहुतेक कर स्वतः गोळा करतो, त्यामुळे एवढं सगळं एकदम हाती घेण्याची ऐपत होती. फोटोत नदीकाठची इमारत दिसते. नदीत जाणारं सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्या दिसत नाहीत.

'कुठल्याही शहराला जमेल' हा दुसरा दावा. बास्क सरकारने बांधकामाला सुमारे १० कोटी डॉलर, कलाकृतींच्या खरेदीला ५ कोटी आणि गुगेनहाइम प्रतिष्ठानला २ कोटी कबूल केले, शिवाय दरवर्षीचं अनुदान वेगळं. या दरवर्षीच्या खर्चाकडे कुणी बघत नाही. इमारत एकदाच बांधायची असते, पण कर्मचाऱ्यांचे पगार, डागडुजी, नवी प्रदर्शनं यांना दरवर्षी पैसा लागतो. इंग्लंडमध्ये शेफील्डला १९९९ मध्ये लोकप्रिय संगीताचं राष्ट्रीय केंद्र उघडलं: ढोलासारखे चार पोलादी घुमट, खर्च सुमारे दीड कोटी पौंड. अपेक्षेइतके प्रेक्षक आले नाहीत आणि २००० मध्येच ते बंद पडलं. पुढे तिथे विद्यापीठाची विद्यार्थी संघटना आली. स्पेनमध्येच सांतियागोला टेकडीवर 'संस्कृतीनगरी' बांधायला घेतली. मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त खर्च झाला आणि २०१३ मध्ये उरलेलं बांधकाम कायमचं थांबवलं.

भिंती रंगवून वस्ती बदलते, यावर फार लिहायला नको. कोलंबियातल्या मेदेयिन शहराच्या कोमुना १३ या चढावरच्या वस्तीतल्या भित्तिचित्रांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत; त्या चढावर २०११ मध्ये बसवलेले सरकते जिने मात्र मजकुरात नसतात.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो शेवटचा दावा: सगळ्यांचंच भलं होतं. कलाकार स्वस्त जागा शोधत येतात, वस्तीला नाव मिळतं, मग भाडी चढतात. भाव वाढल्याचा फायदा ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतो. भाडेकरू बाहेर पडतो, आणि बहुतेकदा कलाकारही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाची जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्या परवानगीने तिच्यावर वर्षानुवर्षं ग्राफिटी रंगली, लांबून लोक बघायला यायचे. २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फासला. पुढच्या वर्षी इमारत पाडली आणि तिथे निवासी मनोरे आले. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर भरपाई दिली, पण चित्रं गेली ती गेलीच. बर्लिनच्या क्रॉइट्सबर्गमध्ये तर 'ब्लू' या कलाकाराची दोन प्रचंड भित्तिचित्रं २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने काळी केली गेली. शेजारच्या जमिनीवर बांधकाम येणार होतं, आणि आपलं चित्र तिची किंमत वाढवायला वापरलं जाऊ नये म्हणून.

हे वाचून कुणी 'मग कलेवर खर्चच नको' म्हणेल, तर तेही मला मान्य नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या वस्तीत १९९३ मध्ये रिक लो आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलाकारांनी ओळीने उभी असलेली २२ मोडकी, चिंचोळी घरं वाचवायला घेतली. काही घरांत कलाकार प्रदर्शनं मांडू लागले, काहींत शिक्षण पुरं करू पाहणाऱ्या तरुण एकल माता मुलांसह राहू लागल्या. पुढे परवडणाऱ्या भाड्याची नवी घरंही बांधली गेली. घरं या कलाकारांनी उभारलेल्या संस्थेच्या मालकीची झाली, हे इथे निर्णायक ठरलं. आसपास जमिनीचे भाव चढले तरी या घरांतल्या माणसांना भाडं वाढवून हुसकावणारा कुणी नव्हता.