खोट्या पॉझिटिव्हमुळे चाचणीच बंद करावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. स्किड, म्हणजेच प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर अभाव, शोधणाऱ्या नवजात चाचणीवर मी लिहिले होते. एका आजारी बाळापायी अनेक निरोगी बाळांच्या आईवडिलांना ही चाचणी खोट्या पॉझिटिव्हने, म्हणजे आजार नसताना आलेल्या इशाऱ्याने, हकनाक घाबरवते, म्हणून ती सरसकट करू नये, असा आपला आक्षेप आहे. त्याचा पहिला भाग मला मान्य आहे, निष्कर्ष नाही.

अमेरिकेतील 30 लाखांहून अधिक बाळांच्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्किडचे प्रमाण सुमारे 58,000 बाळांत एक आढळले. आता असे धरून चला की चाचणी हजार निरोगी बाळांत एकदाच चुकते. तरीही एक लाख बाळांमागे शंभरेक घरी इशारा जाईल आणि त्यांत स्किडची बाळे जेमतेम दोन निघतील. आजार इतका दुर्मीळ असताना हे अटळ आहे. त्यावरून चाचणी ढिसाळ ठरत नाही.

शिवाय या इशाऱ्यांतले सगळेच पोकळ नसतात. टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेल्या रक्तात ट्रेक नावाची डीएनएची छोटी कडी मोजतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घडताना ही कडी तयार होते आणि पेशीविभाजनात तिची नवी प्रत निघत नाही, त्यामुळे ताज्या टी-पेशी किती बनत आहेत याचा अंदाज तिच्यावरून येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात, डाउन किंवा डायजॉर्ज सिंड्रोम हे जन्मजात विकार असलेल्या बाळात, आईने गरोदरपणी अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेतले असल्यासही ती कमी भरू शकते. स्किड नसले तरी यांतल्या काही बाळांच्या टी-पेशी खरोखरच कमी असतात आणि त्यांच्या डॉक्टरांना ते कळलेच पाहिजे.

ट्रेकची संख्या जिच्याखाली गेली की इशारा देतात, ती मर्यादा खाली आणली तर आईवडिलांना फोन कमी जातील. पण मग एखादे आजारी बाळ निसटू शकते. असे बाळ धडधाकट दिसते आणि पहिला गंभीर संसर्ग होईपर्यंत कुणाला संशयही येत नाही. 2014 च्याच दुसऱ्या एका अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत मूळपेशी प्रत्यारोपण (रक्तपेशी बनवणाऱ्या निरोगी पेशी देण्याचा उपचार) झालेल्या स्किडच्या बाळांपैकी 94 टक्के पाच वर्षांनंतर हयात होती. त्याहून मोठ्या वयात, अंगात संसर्ग असतानाच प्रत्यारोपण करावे लागलेल्यांत हे प्रमाण 50 टक्के होते. हे आकडे समोर असताना मर्यादा खाली आणा, असे मी म्हणू शकत नाही.

आईवडिलांचे हाल मात्र कमी करता येतात, आणि तिथे आपला राग रास्त आहे. नुसते ‘पॉझिटिव्ह’ सांगून फोन ठेवणे क्रूर आहे. हे निदान नव्हे, फ्लो सायटोमेट्री या रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीने टी-पेशी मोजल्यावरच चित्र स्पष्ट होईल, ती तपासणी अमुक दिवशी आहे आणि तोवर रोटाव्हायरस व बीसीजी या जिवंत लसी देऊ नयेत, एवढे त्या पहिल्याच फोनवर सांगितले गेले पाहिजे.