'छोट्या धंद्याला वकील कशाला?' या मजकुराला उत्तर

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. छोट्या धंद्याला वकील लागत नाही, असं त्यात म्हटलंय. कारणं चार दिली आहेत: सीए सगळं बघतो, नेटवरचा नमुना उतरवून ११ महिन्यांचा करार नोटरी केला की कागद पक्का, घरच्यांच्या भागीदारीला लिखापढी नको, आणि वकील शोधायचा तो कोर्टाची पाळी आल्यावर. मी काजू कारखान्यांना पुठ्ठ्याचे खोके पुरवतो. यातली शेवटची गोष्ट मी स्वतः पाळून बसलो होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एका गिऱ्हाइकाचा एक लाख ऐंशी हजारांचा चेक मी दीड महिन्याने बँकेत भरला आणि तो परत आला. खात्यात पैसे नाहीत, असा बँकेचा मेमो. माणूस जुन्या ओळखीचा. फोनवर म्हणाला, "चवथ होऊन जाऊ दे, मग देतो." चवथीच्या तोंडावर कुणाला नोटीस धाडायची, म्हणून मेमो गल्ल्यात टाकला. गणपती पोचवले, पैसे काही आले नाहीत. वकिलाकडे गेलो तेव्हा मेमो हाती येऊन ३७ दिवस झाले होते.

चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात आपली कोर्टात फौजदारी तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट सांभाळून घेऊ शकतं. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र ती सवलत नाही. १८८१च्या कायद्यातली १३८ आणि १४२ ही कलमं. मला त्यांचा पत्ताही नव्हता. वकीलबाईंनी मेमो बाजूला सारला आणि चेकवरची तारीख बघितली. चेकच्या मुदतीचे तीन महिने भरायला आठवडा उरला होता. म्हणाल्या, "आजच्या आज परत भरा." चेक पुन्हा परत आला, नवा मेमो मिळाला, तिसऱ्या दिवशी नोटीस गेली आणि दोन हप्त्यांत पैसे वसूल झाले. आणखी आठवडा घालवला असता, तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावायचा, एवढंच हातात राहिलं असतं. कोर्टाची पाळी येईपर्यंत थांबा, हा सल्ला असा अंगाशी येतो.

आता सीए. माझे सीए फार चांगले आहेत. जीएसटी आणि प्राप्तिकर त्यांनीच बघावा. पण दिवाणी कोर्टात ते माझी बाजू मांडू शकत नाहीत, आणि करारातलं एखादं वाक्य उद्या न्यायाधीश कसं वाचतील, हा त्यांचा विषयच नाही.

११ महिन्यांच्या करारामागचं कारण साधं आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या कायद्याने नोंदवावाच लागतो, तो खर्च वाचवायला ही मुदत. नोटरी सही कुणाची आहे ते बघतो. पंधरा दिवसांत गाळा खाली करायची अट तुम्हाला परवडेल का, हे तो बघत नाही. वर 'लीव्ह अँड लायसन्स' (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता नुसती वापरायची परवानगी) लिहिलं म्हणून भाडेकरार लायसन्स होत नाही. आतला व्यवहार काय आहे त्यावर ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलंय. शिवाय गोव्याला १९६८चा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा आहे.

नेटवरच्या नमुन्यांची मला खरी धास्ती वाटते ती गाळा विकत घेताना. ते नमुने मुंबई-दिल्लीचे. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, निम्मी-निम्मी. विकणाऱ्याच्या बायकोची संमती नसेल तर तुमच्या खरेदीखताला पहिल्याच दिवशी भोक पडलेलं असतं. गंमत म्हणजे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं दाखवायचं, हे प्राप्तिकराच्या कागदांमुळे इथल्या व्यापाऱ्याला पाठ असतं. त्याच मुळातून आलेली ही दुसरी सही मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

भावाभावांच्या भागीदारीबद्दल थोडक्यात: फर्म नोंदवलेली नसेल, तर करारातली बाकी वसूल करायला तिला दावा लावता येत नाही. १९३२च्या कायद्याचं कलम ६९. फर्मचं कर्ज मात्र प्रत्येक भागीदाराच्या मानेवर, पूर्णच्या पूर्ण.

मजकुरात एक गोष्ट बरोबर आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते आणि ती घरबसल्या करता येते. त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

राहिला फीचा प्रश्न. १९८७च्या कायद्यानुसार बायकांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोणची-पापड घेऊन बसणाऱ्या कितीजणींना हे माहीत आहे? पुढे पाठवायचंच असेल, तर त्या मजकुराऐवजी हे पाठवा.