जर्मनीत "साताऱ्याचं लायसन फुकट गेलं" या रिव्ह्यूला आमच्या मोटार ट्रेनिंग स्कूलचं उत्तर

दादा नमस्कार, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडनं गाडी शिकलात, इंटरनॅशनल परमिट काढलंत, श्टुटगार्टला नोकरीला गेलात आणि परमिटवर एक वर्षाची तारीख असताना तिथल्या ऑफिसनं सहाच महिने चालेल म्हणून सांगितलं, मग थिअरी प्रॅक्टिकल सगळं नव्यानं द्यायला लावलं, प्रॅक्टिकलला नापास झालात, तिथला मास्तर म्हणला तुमच्या सवयीच चुकीच्या आहेत, आणि आता तुमचं भारतातलं लायसनसुद्धा जमा करून घेणार म्हणतात. म्हणून 'क्लासनं फसवलं, पैसे परत करा'. नापास झाल्याचं वाचून मला खरंच वाईट वाटलं, परक्या गावात नोकरी सांभाळून, थंडीत बस पकडून, एवढे युरो घालून परीक्षा द्यायची आणि हातात काही नाही, हे सोपं नाही. पण फसवलं हे मला अजिबात मान्य नाही, आणि २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्गशी, म्हणजे तुम्ही आहात त्याच राज्याशी, मनुष्यबळाचा करार केल्यापासनं आमच्या काउंटरवर जर्मनीला जाणारी पोरंपोरी सारखी येतात, तीही हे वाचणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी परमिटचं. ते आम्ही देत नाही, आरटीओ देतं, ४-अ चा फॉर्म आणि १००० रुपये सरकारी फी. आम्ही फक्त फॉर्म भरून द्यायला मदत करतो. त्यावर जी एक वर्षाची तारीख असते ती त्या पुस्तकाची मुदत झाली. तुम्ही ज्या देशात जाता तो देश तुम्हाला किती दिवस चालवू देतो ते तिथला कायदा ठरवतो, आपलं आरटीओ नाही की मी नाही. पाहुणा म्हणून आलात तोवर सगळं चालतं, कायमचं राहायला आलात की तिथल्या रेशनकार्डात नाव घालावं लागतं, तसंच आहे हे. जर्मनीत ही मुदत सहा महिने आहे आणि ती तुम्ही तिथं राहायला गेलात त्या दिवसापासनं मोजतात, गाडी घेतली किंवा पहिल्यांदा चालवली त्या दिवसापासनं नाही. आमच्या परमिटच्या पावतीमागं छापलेलं असतं की राहायला जाणाऱ्यांनी त्या देशाचा नियम बघून घ्यावा, आणि तोंडीही सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं. "चालतंय की सगळीकडं" असं आमच्या ऑफिसातलं कोणी म्हणत नाही, म्हणूच देत नाही मी.

आणि हे इथं मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतंय, सहा महिने झाल्यावर तिथं इंडियन लायसनवर गाडी चालवू नका, कोणी मित्र काहीही म्हणला तरी. तो तिथं विनापरवाना गाडी चालवल्याचा गुन्हा धरतात, आपल्यासारखी चौकात पावती फाडून विषय संपत नाही, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद असा कायदा आहे, वर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले वसुलीला मागं लागतात ते वेगळंच. व्हिसावर राहणाऱ्या माणसानं ही जोखीम घेऊ नये. जो वर्षाच्या आतच परत येणार आहे आणि तसं दाखवू शकतो त्याला अर्ज करून मुदत वाढवून मिळते, बाकीच्यांना नाही.

आता "लायसन फुकट गेलं" हे वाक्य. दादा, ते लायसन नसतं तर काय झालं असतं तेही लिहायला पाहिजे होतं. तुम्ही गेलात तेव्हाच्या नियमाप्रमाणं तिथल्या नवख्या माणसाला थिअरीचे दीड-दीड तासाचे १४ क्लास सक्तीचे, आणि त्याशिवाय शहराबाहेरच्या रस्त्यावर ५, ऑटोबानवर (तिथल्या एक्स्प्रेसवेवर) ४ आणि अंधारात ३ अशा १२ स्पेशल फेऱ्या सक्तीच्या, त्यातली एकेक ४५ मिनिटांची. तुमच्याकडं साताऱ्याचं पक्कं लायसन होतं म्हणून यातलं काहीच तुमच्यावर सक्तीचं नव्हतं, परीक्षा द्यायची तयारी झाली की थेट परीक्षा. तिथं एकेका लेसनला पन्नास साठ युरोच्या पुढं मोजावे लागतात, तेव्हा हिशोब तुम्हीच करा किती वाचले. ज्या देशांची नावं जर्मनीच्या यादीत आहेत त्यांना परीक्षाच नाही किंवा अर्धीच आहे, भारत त्या यादीत नाही. ते बदलणं सरकारांच्या हातात आहे, साताऱ्यातल्या क्लासच्या नाही. आणि सहा महिने उलटले म्हणजे सगळं संपलं असंही नाही, बदलून घ्यायचा अर्ज नंतरही करता येतो, तोपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही एवढंच.

प्रॅक्टिकलबद्दल मात्र मला मनापासनं बोलायचंय कारण शिकवणं हे माझं काम आहे आणि त्यावर बोट ठेवलंत. तुम्ही लिहिलंय की खांद्यावरनं मागं बघितलं नाही, आणि एका गल्लीत उजवीकडनं आलेल्या गाडीला रस्ता दिला नाही, तेव्हा मास्तरनं ब्रेक मारला आणि तिथंच परीक्षा संपली. उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आपल्याकडंही आहे बरं का, आधी १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत होता, त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांतही आहे, सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडच्याला रस्ता द्या म्हणून. आम्ही तो शिकवतो, थिअरीच्या दिवशी फळ्यावर चौक काढून शिकवतो. पण क्लास संपल्यावर माणूस एकटा गाडी घेऊन पोवई नाक्याकडं येतो, तिथं वडापवाला जीप घालतो, मागनं एसटी हॉर्न मारते, कोरेगाव रस्त्याला हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, आणि मग जो आधी नाक घालंल तो जातो हेच अंगवळणी पडतं. ही सवय दोन-चार वर्षं रस्त्यावर गाडी मारून लागलेली असते, २१ दिवसांच्या कोर्समध्ये लागलेली नसते. तिथल्या ताशी ३० किलोमीटरच्या झोनमध्ये प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाय ब्रेकवर ठेवून उजवीकडं बघावं लागतं, बोर्ड नसला तरी. बोर्ड नाही म्हणजेच उजवीकडच्याचा हक्क, हे डोक्यात फिट करा.

खांद्यावरनं बघण्याचं तर आणखीन महत्त्वाचं. तिथं उजवीकडं वळताना सायकलवाला सरळ जात असतो आणि त्याचा हक्क आधी, आरशात तो दिसत नाही, म्हणून मान वळवूनच बघायचं आणि परीक्षकाला दिसेल असं बघायचं. आपल्याकडं उजव्या सीटवर बसायची सवय, तिथं डाव्या सीटवर, त्यामुळं आपली माणसं गाडी नकळत उजवीकडं फुटपाथला चिकटवून चालवतात, गियर उजव्या हातानं टाकताना अजून तिकडंच ओढली जाते. यासाठी चार-पाच लेसन जास्तीचे घ्या, पैसे वाचवायला जाऊ नका, एका नापासाला त्याच्यापेक्षा जास्त जातात. स्टॉपच्या बोर्डला गाडी पूर्ण थांबली पाहिजे, हळू करून पुढं गेलं की नापास. गाडीबद्दल पण विचारतात, टायरची नक्षी कमीत कमी किती तर १.६ मिलिमीटर, लाईट कुठली कशी लावायची, हे येता-जाता पाठ करा. ५५ मिनिटांची परीक्षा आहे, आपल्या ट्रॅकवर आठ काढून दाखवण्यासारखी नाही, मध्ये ऑटोबानला पण घालतात, तेव्हा आदल्या रात्री नाइट ड्युटी असेल तर तारीखच घेऊ नका.

भाषेचं तुम्ही लिहिलं नाही पण बाकीच्यांसाठी सांगते, थिअरी इंग्लिशमधनं देता येते, हिंदीमधनं नाही आणि मराठीतनं तर नाहीच. ३० प्रश्न असतात, १० मार्कांपर्यंतची चूक माफ, पण ५ मार्कांचे दोन चुकले की गेलात. आपल्या इथं लर्निंगला १५ पैकी ९ आले की झालं, त्या हिशोबानं तयारी करून बसू नका. प्रॅक्टिकलला परीक्षक जर्मनच बोलतो, त्यामुळं डावीकडं, उजवीकडं, पुढच्या संधीला वळा, गाडी लावा, एवढी वाक्यं कानावर पक्की पाहिजेत. डोळ्यांची तपासणी आणि फर्स्ट एडचा एक दिवसाचा कोर्स हे इंडियन लायसन असलं तरी लागतंच. आणि जाताना कार्ड मूळ घेऊन जा, मोबाईलमधलं डिजिलॉकर तिथं दाखवून उपयोग नाही, लर्निंग तर कुठंच धरत नाहीत. तिकडं राहायला गेल्यावर सुट्टीत येऊन घाईघाईनं इथं पक्कं लायसन काढायचं असं काहीजण विचारतात, तसं करू नका, तिथं राहात असताना काढलेलं ते मानत नाहीत.

इंडियन कार्ड जमा करून घेतात हे खरं आहे, तिथलं हातात देताना घेतात, कारण एका माणसाकडं दोन नकोत असा त्यांचा नियम. म्हणून कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आधीच काढून घरी ठेवा आणि सारथीवरनं, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवरनं, लायसनचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे सरकारी नोंदीचा उतारा, काढून ठेवा. हा एक्स्ट्रॅक्ट कॅनडाला जाणाऱ्यांना पण कामाला येतो, ओंटारिओत जुन्या अनुभवाचा पूर्ण फायदा घ्यायचा तर लायसन देणाऱ्या ऑफिसचा कागद मागतात. इंग्लंडला जाणाऱ्यांना १२ महिने मिळतात, गाडी पण आपल्यासारखीच डाव्या बाजूनं, पण वर्ष संपल्यावर तिथंही प्रोव्हिजनल, म्हणजे तिथलं लर्निंग, काढून दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात.

पैसे परत करण्याबद्दल स्पष्ट सांगते, करणार नाही. कोर्स पूर्ण झालाय, सह्या आहेत, सरकारी फीच्या पावत्या तुमच्याकडं आहेत, आणि तुम्ही गाडी चालवायला शिकलात, यवतेश्वरच्या चढाला हाफ क्लचवर गाडी थांबवून मागं न जाता उचलायला तुम्ही आमच्याच गाडीवर शिकलात. पण तुम्ही आमचे विद्यार्थी आहात आणि तुम्हाला तिथलं लायसन मिळावं असं मला मनापासनं वाटतं. तुम्ही सुट्टीला आलात की सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, गोडोलीकडच्या गल्ल्यांत मी स्वतः तुमच्याबरोबर बसते, प्रत्येक तोंडाशी थांबणं आणि मान वळवणं एवढंच करून घेते, त्याची एक रुपया फी नाही. बाजू वेगळी असली तरी मानेची सवय कुठंही लागते.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, एक स्टार पण राहू दे. फक्त 'फसवलं' हा शब्द तेवढा काढा, त्यानं इथं शिकवणाऱ्या दोन मास्तरांच्या पोटाला लागतं. आणि तुम्ही थिअरी पास झालाय असं लिहिलंय, तर ती १२ महिनेच धरतात, तेवढ्यात प्रॅक्टिकल झालं नाही तर थिअरी परत, आणि नापास झाल्यावर साधारण दोन आठवडे तरी थांबवतात, त्यामुळं उद्याच तिथल्या स्कूलला फोन करून पुढची तारीख मागा. एक्स्ट्रॅक्टसाठी घरच्यांना पाठवलं तरी चालंल, लायसन नंबर आणि जन्मतारीख घेऊन यायला सांगा, फॉर्म आम्ही भरून देतो.