तलाठ्याची सही शून्यांनी होत नाही

सध्या राजापूर-देवगड पट्ट्यातल्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सही तपासणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) भोक सापडलंय, म्हणजे डिजिटल सही 'तुटली'. आता कुणीही नुसते शून्य भरून तलाठ्याची सही करू शकतो. डीएससी टोकनवाल्यांनी (डिजिटल सहीची किल्ली ठेवणारा पेनड्राइव्हसारखा तुकडा ज्यांच्याकडे आहे त्यांनी) टोकन ताबडतोब रद्द करून नवीन घ्यावं. पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर तुमचा सातबारा आधीच हॅक झालाय. शेवटी सल्ला, की व्यवहारात शिक्क्याचा कागदच धरा. आमच्या ग्रुपवर एका काकांनी लगेच विचारलं, "मगे, सातबारो परत काढूचो लागतलो काय रे?"

नाही काका. पण हे सगळं हवेतून आलेलं नाही, म्हणून नीट सांगतो.

भोक खरंच होतं, आणि लाजिरवाणं होतं. बातमी मात्र २०२२ची आहे. सुरक्षादोषांच्या यादीत सीव्हीई-२०२२-२१४४९ हा तिचा क्रमांक, 'सायकिक सिग्नेचर्स' हे टोपणनाव. फोर्जरॉक कंपनीतल्या नील मॅडन यांना ते नोव्हेंबर २०२१मध्ये सापडलं, त्यांनी जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीला कळवलं आणि १९ एप्रिल २०२२ला दुरुस्ती आली. जावा १५ ते १८ या आवृत्त्यांत ते होतं. ईसीडीएसए ही डिजिटल सहीची एक गणिती पद्धत. त्या प्रकारच्या सहीची तपासणी आधी सी++ या दुसऱ्या भाषेत लिहिलेली होती. जावा १५च्या वेळी ती जावात नव्याने लिहिली, आणि त्या फेरलेखनात एक तपासणी गळाली.

ईसीडीएसए सही म्हणजे दोन आकडे, आर आणि एस. तपासणीची पहिलीच पायरी अशी की दोन्ही किमान १ असले पाहिजेत. शून्य आला की सही तिथेच फेटाळायची. ही पायरी गाळली तर काय होतं बघा. पुढे एसचा व्यस्त (ज्याने गुणलं की १ येतो तो आकडा) काढावा लागतो. शून्याला व्यस्त नसतो, पण तो घात करून काढायची जी युक्ती कोडमध्ये आहे ती न कुरकुरता शून्यच परत देते. मग त्या शून्याने संदेशाच्या हॅशला (संदेशातून काढलेल्या आकडी ठशाला) गुणलं, शून्य. आरला गुणलं, शून्य. ही पद्धत ज्या वक्रावर चालते त्यावरचा बिंदू येतो अनंतावरचा, त्याचा एक्स निर्देशांक कोडच्या लेखी शून्य, आणि तो आरशी ताडून बघायचा. आर किती? शून्य. जुळलं! यात संदेश कुठला आणि सही तपासायची सार्वजनिक किल्ली कुणाची, याचा कशालाच पत्ता नाही. साठवणीच्या डीईआर स्वरूपात ही अख्खी 'सही' आठ बाइटांची होते: ३० ०६ ०२ ०१ ०० ०२ ०१ ००. ओरॅकलने गांभीर्याला १०पैकी ७.५ गुण दिले. मॅडन यांच्या मते पूर्ण १० हवे होते. मला मॅडन यांचं पटतं. कारण लॉगिनची टोकनं (संकेतस्थळावर आत शिरायचे डिजिटल पास) याच सहीवर विसंबून असतील, तर कुणीही कुणाच्याही नावाने आत शिरू शकत होता. आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.

आता 'डिजिटल सही तुटली' हे विधान. पोस्टातला कारकून सही न बघता पैसे देतो, म्हणून खातेदाराची सही खोटी ठरत नाही. वर सांगितलेलं सगळं तपासणाऱ्याच्या बाजूला घडतं. ईसीडीएसएच्या व्याख्येत शून्य नको हे पहिल्यापासून लिहिलेलं आहे, त्या गणिताला धक्का लागलेला नाही. तीच सही बाउन्सी कॅसलसारख्या दुसऱ्या लायब्ररीला दाखवली असती तर तिने फेटाळली असती. गूगलच्या वायचप्रूफ प्रकल्पातल्या तयार चाचण्यांत हे शून्याचे नमुने आधीपासून होते. त्या चालवल्या असत्या तर चूक बाहेर पडण्याआधीच सापडली असती.

'शून्य भरून तलाठ्याची सही' तर त्याहून लंगडं. आपल्याकडच्या डीएससी टोकनांत बहुतेक आरएसए या दुसऱ्या सही-पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्ल्या असतात. पीडीएफ रीडरमध्ये सहीवर क्लिक करून सर्टिफिकेटचे तपशील उघडा, किल्लीचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. आरएसएत ही शून्यांची युक्ती चालत नाही. शून्याचा कितवाही घात शून्यच, आणि तपासणाऱ्याला तिथे ०० ०१ने सुरू होणारी ठरीव भर (लांबी पुरी करायला घातलेले बाइट) दिसावी लागते. शिवाय तुमच्या मोबाइलवरचा पीडीएफ रीडर काही जावाची ही लायब्ररी वापरत नाही. म्हणून आरएसएचे तपासनीस धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. २००६ साली डॅनिएल ब्लायखेनबाखर यांनी दाखवलं होतं की सार्वजनिक घातांक ३ असेल आणि तपासणारा भरीच्या मागचे बाइट बघत नसेल, तर आरएसए सही बनावट करता येते. ओपनएसएसएल या लायब्ररीलाही तेव्हा दुरुस्ती करावी लागली. पण तिथेही चूक तपासणाऱ्याचीच होती.

टोकन बदलण्याचा सल्ला वाचून मात्र मला शंका येते, की हा मजकूर कुणा टोकन विकणाऱ्यानेच तर लिहिला नाही ना. या प्रकरणात कुणाचीही खासगी, म्हणजे सही करायची, किल्ली फुटलेली नाही. नवीन किल्ली घेतली तरी आंधळा तपासनीस नव्या नावावरही शून्य स्वीकारणारच. उपाय एकच होता, सर्व्हरवरचा जावा अद्ययावत करणं, आणि ते काम सर्व्हर चालवणाऱ्याचं. किल्ल्याच बदलाव्या लागतात असं प्रकरणही घडलंय: २०१७मध्ये एस्टोनियाच्या ओळखपत्रांतल्या चिपांनी आरएसए किल्ल्याच कमकुवत बनवल्याचं निघालं, आणि साडेसात लाखांच्या आसपास कार्डांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. तिथे दोष सही करणाऱ्याच्या चिपमध्ये होता.

पिवळ्या प्रश्नचिन्हाने तर निम्म्या कोकणाला घाम फोडलाय. त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की भारताच्या मूळ प्रमाणन संस्थेचं प्रमाणपत्र तुमच्या रीडरच्या विश्वासू यादीत नाही. सहीनंतर फाइल बदलली गेली असेल तर रीडर वेगळा, लाल रंगाचा इशारा देतो.

राहिला शिक्क्याचा कागद. रबरी शिक्का बाजारात तासाभरात करून मिळतो, यावर आणखी काय बोलायचं? पण डिजिटलवालेही एक घोळ घालतात. सेतूतून काढलेल्या प्रिंटवर हिरवी खूण दिसली की खूश. सही फाइलमध्ये असते, कागदावर उतरते ती नुसती शाई. प्रिंटवरचं नाव, खूण, तारीख सगळं कुणीही संगणकावर रंगवू शकतो, त्याला ना जावा लागतो ना शून्य. स्क्रीनशॉटचं तेच. त्यामुळे विकणाऱ्याकडून मूळ पीडीएफ मागा, किंवा सातबाऱ्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक स्वतःच्या फोनवरून महाभूमीच्या संकेतस्थळावर टाका. क्यूआर स्कॅन केलात तर उघडणाऱ्या पानाचा पत्ता नीट वाचा, कारण कोडमागे कुठलीही लिंक दडवता येते.

आणि हे सगळं हिरवं निघालं तरी तारीख बघा. सही एवढंच सांगते की त्या दिवशी नोंद अशी होती. आपल्याकडच्या सामाईक खात्यात आज वारसनोंद झाली, उद्या मुंबईतल्या चुलत भावाने हक्कसोड केलं, तरी गेल्या शिमग्याला काढलेली फाइल पडताळणीत अस्सलच ठरणार. कलमांच्या बागेचा इसार द्यायचा असेल तर त्याच दिवशी, आपल्या हाताने, १५ रुपये भरून नवा सातबारा काढा, आणि प्रलंबित फेरफार आहे का ते वाचा.