‘३० लेख टाका, झोपेत ५०,००० कमवा’: या मेसेजमधल्या एकेका वाक्याचा हिशेब

एक मजकूर सध्या कधी रील होऊन, कधी व्हॉट्सॲपवरचा लांबलचक मेसेज होऊन फिरतो आहे. शब्द बदलतात, सांगाडा तोच. एक ‘नीश’ (छोटा, ठरावीक विषय) निवडा, जास्त सीपीसीचे (एका क्लिकला जास्त भाव असलेले) शब्द शोधा, एआयकडून ३० लेख लिहून घ्या, गुगलच्या जाहिराती आणि अ‍ॅमेझॉनच्या लिंका लावा, सुरुवातीला ओळखीच्यांकडून थोडे क्लिक करून घ्या. सहा महिन्यांत झोपेतही महिना ५०,००० रुपये. गुंतवणूक शून्य. खाली कमाईचा स्क्रीनशॉट आणि कोर्सची लिंक.

एखाद्या छोट्या विषयाची वेबसाइट चालवून पैसे मिळतात, हे खरंच आहे. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. त्यावर विसंबून कोणी नोकरी शोधायचं थांबवतं, कोणी घरखर्चातून कोर्सची फी भरतं. म्हणून एकेक वाक्य घेऊन बघू.

‘३० लेख, महिना ५०,०००’

जाहिरातीची कमाई मोजायचं माप म्हणजे आरपीएम, म्हणजे पानं १,००० वेळा पाहिली गेल्यावर हाती आलेली रक्कम. हा आकडा विषयावर, वाचकाच्या देशावर आणि महिन्यावर बदलतो. दिवाळीआधी चढतो, जानेवारीत उतरतो. उदाहरणासाठी ६० रुपये धरू. ५०,००० रुपयांसाठी महिन्याला साधारण ८ लाख ३३ हजार वेळा पानं पाहिली जायला हवीत. ३० लेखांत वाटले तर एका लेखामागे सुमारे २७,८०० आले, म्हणजे रोज ९२५ च्या आसपास. नव्या कोऱ्या साइटचा प्रत्येक लेख, रोज, न चुकता. आरपीएम अडीचपट, म्हणजे १५० रुपये धरला, तरी महिन्याला ३ लाख ३३ हजार लागतात. मेसेज पुढे ढकलण्याआधी हा भागाकार कोणीच करत नाही.

‘जास्त सीपीसीचे शब्द घ्या’

कीवर्डच्या टूलमध्ये (लोक गुगलवर कोणते शब्द शोधतात ते दाखवणाऱ्या साधनात) दिसणारा सीपीसी म्हणजे जाहिरातदार गुगलच्या सर्चच्या पानावर एका क्लिकसाठी किती मोजायला तयार आहे, याचा अंदाज. तो तुमच्या पानावरचा भाव नव्हे. आणि टूलमध्ये देश अमेरिका निवडलेला असेल, तर तो इथल्या वाचकाचाही भाव नव्हे. विमा आणि कर्ज या शब्दांचे डोळे दिपवणारे आकडे बहुतेक तिथूनच आलेले असतात. शिवाय पैशांच्या आणि आरोग्याच्या विषयांत कोण लिहितंय, याकडे गुगल जास्त बारकाईने बघतं. तिथे तुमची गाठ बँका आणि वृत्तपत्रांच्या साइटशी पडते.

तुमच्या वाट्याचा हिशेबही बघा. जाहिरातदाराने गुगल ॲड्समधून (गुगलच्या जाहिरात देणाऱ्यांसाठीच्या सेवेतून) १०० रुपये खर्च केले, तर त्यातले साधारण १५ जाहिरातदाराच्या बाजूच्या यंत्रणेला जातात. उरलेल्या ८५ चे ८० टक्के, म्हणजे ६८ रुपये, साइटवाल्याला मिळतात. ही रचना गुगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. त्याच वेळी आणखी एक बदल जाहीर झाला, तो मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती लावून साइटवाल्याला पैसे देणारी गुगलची सेवा, क्लिकवर नव्हे, तर जाहिरात दिसण्यावर पैसे देतं. म्हणजे ‘एका क्लिकला इतके डॉलर’ हे ज्यावर उभं आहे, तो पायाच निघून गेला आहे.

‘ओळखीच्यांकडून थोडे क्लिक करून घ्या’

सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत घातक वाक्य हेच. पैसे दिसण्यावर मिळत असले तरी क्लिकवरचं लक्ष सुटलेलं नाही, कारण खोट्या क्लिकने फसतो तो जाहिरातदार. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं, मित्रांना सांगणं, ‘तू माझ्या, मी तुझ्या’ असे ग्रुप चालवणं, सगळं नियमाबाहेर. हे पकडायला फार हुशारी लागत नाही. दिवसाला ४० वाचक, त्यातले १२ जाहिरातीवर जातात, सगळे एकाच गावातून, पानावर पाच सेकंदसुद्धा थांबत नाहीत आणि पुढे जाहिरातदाराच्या साइटवर काहीच करत नाहीत. खरा वाचक असा वागत नाही.

आधी महिनाअखेरीला अंदाजित कमाई आणि अंतिम कमाई यांत फरक पडू लागतो. मग जाहिराती मर्यादित होतात, मग खातं बंद. एका माणसाला ॲडसेन्सचं एकच खातं मिळतं. बंद झालं आणि अपील फेटाळलं गेलं, की त्या नावाने दुसरं उघडता येत नाही. भावाच्या नावाने काढू, असं म्हणाल तर साइट तीच असल्याने त्याचंही जातं. जाहिरात नीट दिसते का हे बघायचं असेल, तर बघा. बोट लावू नका.

‘लेख एआयकडून लिहून घ्या’

एआय वापरला म्हणून गुगल शिक्षा करतं, असं काही जण उलट टोकाला जाऊन सांगतात. तेही खरं नाही. मार्च २०२४ मध्ये गुगलने स्पॅमचे नियम कडक केले. त्यांचा रोख आहे तो सर्चमध्ये वर येण्यासाठी घाऊक पाडलेल्या, वाचकाला नवीन काही न देणाऱ्या पानांवर. ती माणसाने लिहिली की यंत्राने, याने फरक पडत नाही. म्हणजे प्रश्न हत्याराचा नाही, पानावर काय आहे याचा आहे.

घरघंटीचं उदाहरण घेऊ. विषय छोटा आहे, वस्तू महाग आहे आणि घेणारा चार ठिकाणी वाचून मगच घेतो. यंत्राला ‘सर्वोत्तम १० घरघंट्या’ असा लेख मागा, तर तो लिहितो: ‘ही घरघंटी शक्तिशाली मोटर आणि आकर्षक डिझाइनसह येते.’ हे वाक्य दहाही घरघंट्यांना लागू पडतं, मिक्सरलाही पडतं. घेणाऱ्या बाईचे प्रश्न वेगळेच असतात. १ एचपीची मोटर तासभर चालली तर वीज किती? (साधारण पाऊण ते एक युनिट.) सोबत जाळ्या किती येतात, भाकरीच्या पिठाला कोणती लावायची, भाजणीला कोणती? सोयाबीन नुसतं दळलं तर काय होतं? तेलामुळे जाळी बुजते, म्हणून ते गव्हात थोडं थोडं मिसळून दळावं लागतं. बाजरी दळल्यावर आतला डबा झाडून का घ्यायचा? बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, आणि कोपऱ्यात राहिलेलं पुढच्या गव्हात उतरतं. जाळी फाटली तर तालुक्याच्या गावी मिळते का? फ्लॅटमध्ये सकाळी सातला लावली तर खालचे वर येतील का?

अशी १५ उत्तरं स्वतः दळून, मोजून, फोटो काढून लिहिलेलं एक पान हे दहा सांगाड्यांपेक्षा जास्त टिकतं. एआयकडून शुद्धलेखन तपासून घ्या, तक्ता नीट करून घ्या. पण जाळीतून पीठ कसं पडतं, हे त्याने पाहिलेलं नाही.

‘अ‍ॅमेझॉनच्या लिंका लावा की झालं’

तुमच्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली, तर अ‍ॅमेझॉन तुम्हाला कमिशन देतं. आधी त्याचं गणित. समजा, या घरघंटीच्या पानावर महिन्याला १,००० वाचक आले. १०० पैकी ८ जणांनी लिंक दाबली, म्हणजे ८०. त्यातल्या १०० मागे दोघांनी घेतली, म्हणजे एक किंवा दोन खरेदी. १५,००० ची वस्तू आणि कमिशन ४ टक्के धरलं तर खरेदीमागे ६०० रुपये. हेच १,००० वाचक जाहिरातींतून ६० रुपये देतात. म्हणून घेण्याच्या बेतात असलेल्या माणसासाठी लिहिलेलं पान कमी वाचकांतही चालतं, आणि ‘घरघंटीचा इतिहास’ या पानावर दहा लिंका लावूनही काही होत नाही.

आता यात काय काय गळतं ते बघा. अ‍ॅमेझॉनच्या लिंकची खूण, म्हणजे वाचक तुमच्याकडून आला याची नोंद, २४ तासच टिकते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर मुदत वाढते, नुसतं बघून ‘यांना विचारून घेते’ म्हटलं तर नाही. आणि १५,००० ची वस्तू घरात विचारल्याशिवाय कोण घेतं? अनेक जण तुमचा लेख वाचतात आणि गावातल्या दुकानातून घेतात, कारण बिघडली तर तो दुकानदार येतो. वाचकाच्या दृष्टीने तेच शहाणपणाचं आहे, पण तुमच्या खात्यात शून्य. घेतलेली वस्तू परत गेली तर कमिशनही परत जातं. पैसे हाती पडतात ते महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी. दर कंपनी ठरवते आणि कंपनीच बदलते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंचा दर ८ टक्क्यांवरून एकदम ३ वर आला, आणि त्यावरच उभ्या असलेल्या साइटची कमाई एका रात्रीत निम्म्याहून खाली आली.

नियमांत अडकणारेही पुष्कळ. खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं, म्हणून वाचक यायला लागण्याआधी खातं उघडू नका. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी धरत नाहीत. लेखात किंमत हाताने टाइप करायची नाही, कारण ती संध्याकाळपर्यंत बदलते. ‘१५,००० च्या आसपास’ असं म्हणण्यापेक्षा ‘आजची किंमत बघा’ एवढीच लिंक द्या. वस्तूचे फोटो तिथून उतरवून आपल्या साइटवर चढवायचे नाहीत. तिथल्या ग्राहकांचे अभिप्राय उचलायचे नाहीत. लिंक ईमेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये टाकायची नाही. भारताचं खातं भारतापुरतंच. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाने तिथल्या अ‍ॅमेझॉनवरून घेतलं तर त्याचे पैसे इथल्या खात्यात येत नाहीत, त्याला तिथलं वेगळं खातं लागतं.

आणि कमिशन मिळतं हे वाचकाला सांगणं बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. खुलासा लेखाच्याच भाषेत आणि सहज दिसेल असा हवा. ‘या पानावरच्या लिंकवरून खरेदी केलीत तर आम्हाला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत’ हे वाक्य पहिल्या लिंकच्या वर टाका, तळाशी बारीक अक्षरांत नको. सोबत लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ (या लिंकमागे पैसे आहेत) ही खूण घाला. ती गुगलसाठी असते.

‘गुंतवणूक शून्य, मंजुरी लगेच’

डॉट कॉम नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतं. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, पहिल्या वर्षी सवलतीत मिळतं, नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट होतं, म्हणून घेताना नूतनीकरणाचा दर आधी बघा. ब्लॉगस्पॉट या गुगलच्या ब्लॉग-सेवेवर फुकट सुरुवात होते, आणि ती वाईट नाही.

मराठी ही ॲडसेन्सच्या मान्य भाषांपैकी आहे, त्यामुळे भाषेमुळे अर्ज अडत नाही. अडतो तो बहुधा ‘लो व्हॅल्यू कंटेंट’ (वाचकाच्या फारशा कामाचा नसलेला मजकूर) या शेऱ्यावर: चारशे शब्दांचे सारखे लेख, रिकामे विभाग, ‘आमच्याविषयी’ आणि गोपनीयता धोरणाची पानं नाहीत. ती दुरुस्त केल्याशिवाय तोच अर्ज पुन्हा पुन्हा टाकू नका.

खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याची खात्री करायला गुगल टपालाने पिन पाठवतं. चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. खेड्यातल्या पत्त्यावर हे पाकीट हरवतं ते पत्ता अर्धवट लिहिल्यामुळे. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं लिहा, पोस्टमन ज्या नावाने घर ओळखतो ते नाव घाला आणि पोस्टात आधी सांगून ठेवा. प्रत्यक्ष पैसे मात्र १०० डॉलर जमल्यावरच सुटतात, महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. वर म्हटल्यासारखे महिन्याला १,००० वाचक आणि ६० रुपये असतील, तर पहिला हप्ता यायला दहा वर्षांहून जास्त लागतील.

‘झोपेतही’

सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने सर्चची क्रमवारी लावण्यात केलेल्या ‘हेल्पफुल कंटेंट’ या बदलाने छोट्या विषयांच्या असंख्य साइटचे वाचक काही आठवड्यांत गेले. त्यांतल्या काही घाऊक माल पाडणाऱ्या होत्या, पण काही मनापासून चालवलेल्याही होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अजून सावरलेल्या नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही सर्चच्या पानावरच एआयचं तयार उत्तर दिसू लागलं. ‘१ एचपी म्हणजे किती वॅट’ असं शोधणारा आता तुमच्याकडे येतच नाही. येतो तो जाळीचा फोटो बघायला, आवाज ऐकायला, दोन मॉडेलांतला फरक समजून घ्यायला.

त्यामुळे काम संपत नाही. महिन्यातून एक दिवस सगळ्या लिंका उघडून बघाव्या लागतात. मॉडेल बंद झालेलं असतं, लिंक ‘सध्या उपलब्ध नाही’ अशा पानावर जाते. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गुगलवर कुठल्या शोधाला कितवी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या फुकट साधनात) आठव्या ते विसाव्या क्रमांकावर अडकलेले शोध बघून त्या प्रश्नांची उत्तरं पानात घालावी लागतात. नवा लेख लिहिण्यापेक्षा यातून वाचक लवकर वाढतात. नव्या साइटला वर्ष-दीड वर्ष धरूनच चालावं, आणि तोवर घर चालवायला दुसरं काही असावं.

आणि तो स्क्रीनशॉट

ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावर उजवं क्लिक करून कोडमधला आकडा बदलता येतो, दहा सेकंदांचं काम आहे. स्क्रीनशॉट खरा असला तरी तो बहुधा अंदाजित कमाईचा असतो, आणि किती दिवसांची हे कापलेलं असतं. कोर्स विकणाऱ्याला तीन गोष्टी स्क्रीन शेअर करून, पान पुन्हा लोड करून दाखवायला सांगा: ॲडसेन्समधलं व्यवहारांचं पान, जिथे बँकेत गेलेली रक्कम आणि कपात दिसते, देशवार अहवाल, आणि त्या साइटचा सर्च कन्सोलमधला १६ महिन्यांचा आलेख. मग साइटचं नाव विचारा आणि तिच्यावरचे तीन लेख शांतपणे वाचा. साइट जर ‘ऑनलाइन पैसे कसे कमवावे’ याच विषयाची असेल आणि लिंका त्याच कोर्सच्या असतील, तर तुम्ही भरणार असलेली फी हीच त्यांची कमाई आहे.