बरणीतलं शेवाळ हा पोरखेळ नाही

गेल्या आठवड्यात सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गच्चीवर बंद बरण्यांत झाडं आणि शेवाळ वाढवून अंतराळात जगायची सोय शोधणारे हौशी लोक वेळ वाया घालवतात. हे काम नासा-इस्रोचं. नासाने आठ माणसं काचघरात कोंडून पाहिली, ती गुदमरली, म्हणजे हे अशक्यच आहे. आणि जिथे नळाला दिवसाआड सोडा, चार-चार दिवस पाणी येत नाही, तिथे हे चोचले कशाला? मी त्या हौशी लोकांपैकीच एक. जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी अशा अकरा बरण्या आहेत, म्हणून हे उत्तर.

काचघरापासून सुरुवात करतो, कारण तिथे मजकूर सरळ चुकला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं 'बायोस्फिअर 2' नासाचं नव्हतंच. कल्पना जॉन ॲलन यांच्या खासगी गटाची आणि पैसा एड बास या धनिकाचा. 26 सप्टेंबर 1991 रोजी आठ जण आत गेले आणि दोन वर्षांनी आठही जण आपल्या पायांनी चालत बाहेर आले. ऑक्सिजन घटला हे मात्र खरं. सोळा महिन्यांत तो 20.9 टक्क्यांवरून साधारण 14.5 टक्क्यांवर आला आणि जानेवारी 1993 मध्ये बाहेरून भरावा लागला. पण का घटला? पिकं जोमात यावीत म्हणून मातीत सेंद्रिय खत भरपूर होतं. ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन ओढत होते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. झाडांनी तो घेऊन ऑक्सिजन परत दिला असता, पण त्यातला बराच वायू काँक्रीटने शोषला. कार्बन काँक्रीटमध्ये अडकला आणि त्याच्यासोबत ऑक्सिजनही. हवेच्या हिशेबात बांधकामसुद्धा धरावं लागतं, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिलं. अशा प्रयोगाला नुसतं 'फसला' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माझी पहिली बरणी अशीच गेली. शेंगाचटणीची मोठी काचेची बरणी, तळाशी खडी, वर कोळसा, मग माती, आणि त्यात मी हौसेने मूठभर शेणखत जास्त घातलं. नवव्या दिवशी काचेवर बुरशी आणि आत काळा चिखल. पुढच्या बरणीत खत अजिबात घातलं नाही. विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ आणि एक नेचा लावला आणि बरणी उत्तरेच्या खिडकीत ठेवली, कारण सोलापूरच्या एप्रिलात बंद काच उन्हात राहिली तर आतलं सगळं शिजतं. त्या बरणीचं झाकण तीन वर्षं उघडलेलं नाही. पाण्याचा थेंबही घातलेला नाही.

'अशक्य' म्हणणाऱ्यांसाठी दोनच नावं. सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या 'बायोस-3' या अशाच बंद घरात 1972-73 साली एका वेळी तीन माणसं, असे एकूण 180 दिवस राहिली. बीजिंगच्या 'युएगाँग-1' या बंद घरात विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी आळीपाळीने 2017-18 मध्ये 370 दिवस काढले.

आता हौशी लोकांचा उपयोग काय, हा प्रश्न. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांचा पेशा वैद्यकीचा, झाडं ही हौस. 1829 साली त्यांनी पतंगाचा कोष ओलसर मातीत घालून बाटलीत बंद केला आणि त्या मातीत नेचा उगवला. त्यातून काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या. 1833 मध्ये निघालेली त्या पेट्यांतली रोपं जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोचली. चीनमधली चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांत आली ती अशाच पेट्यांतून. आजचं उदाहरण हवं तर मायामीच्या फेअरचाइल्ड उद्यानाचं घ्या. 2015 पासून तिथल्या उपक्रमात शाळेची मुलं वर्गात खोके मांडून भाज्या वाढवतात आणि नोंदी नासाला देतात. त्यांनी पारखलेली बुटकी पाक चोय ही चिनी पालेभाजी अंतराळ स्थानकावर वाढवली गेली आहे. 'आधी ज्वारी नीट पिकवा' असंही कुणी त्या मजकुराखाली लिहिलं होतं. आपली मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते, ती तिथल्या पेटीत मावणार नाही. पण शुभांशु शुक्ला यांनी 2025 मध्ये स्थानकावर मूग आणि मेथी रुजवली, त्या प्रयोगामागे आपल्या शेजारच्या धारवाडचे शास्त्रज्ञ होते. मेथी तर आमच्या प्रत्येक कुंडीत आहे.

संस्थांनीही हे काम पुरं केलेलं नाही. स्थानकावर ऑक्सिजन मुख्यतः पाण्याचं विघटन करून मिळतो आणि जेवण जवळजवळ सगळं पृथ्वीवरूनच जातं. माणसाला रोज सुमारे 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. माझ्या अकरा बरण्या मिळूनही तो देऊ शकत नाहीत आणि तसा दावा आमच्यापैकी कुणी करत नाही. कुणीही स्वतःला बंद खोलीत कोंडून हे करून पाहू नये. ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी कार्बन डायऑक्साइड जीव घेतो. आमच्या हातात आहे ते बरण्या बिघडवणं, का बिघडल्या ते लिहून ठेवणं आणि पुन्हा लावणं.

राहिला पाण्याचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागला, कारण नळाची वाट माझंही घर बघतं. 2023 मध्ये स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतलं 98 टक्के पाणी परत पिण्याजोगं करून दाखवलं गेलं. पाण्याचा टिपूस जपायची ही विद्या सोलापूरला नको, तर कुणाला हवी? त्यावरूनच मी न्हाणीचं पाणी खडी, वाळू आणि कर्दळीच्या वाफ्यातून फिरवायला लागलो. प्यायला ते चालत नाही, पण अंगणातल्या दोन डाळिंबांना पुरतं. गेल्या मे महिन्यात गल्लीत टँकर आला तेव्हा त्या झाडांसाठी एक तांब्याही काढावा लागला नाही.