फोटोआधी तिथी बघा

अलिबागची समुद्रकाठची रिसॉर्ट सुचवणारा एक लेख वाचला. त्यात ती पोहण्याचा तलाव आणि स्पा यांवर निवडली आहेत. भरती-ओहोटीचा उल्लेखच नाही. हा किनारा उथळ. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. मग 'सी-फेसिंग' खोलीतून दिसतो तो ओला, काळपट पुळणीचा पट्टा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा गुणिले पाऊण, म्हणजे साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्ताला पाणी जवळ. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि संध्याकाळी नेमकी ओहोटी! पौर्णिमेसाठी जादा दर मागितला, तर तो भरण्याआधी एवढं बघाच.

बुकिंग करताना 'सी-व्ह्यू' म्हणजे कुठल्या मजल्यावरून, मध्ये सुरूची झाडं किंवा रस्ता आहे का, हे लेखी विचारा. साडेसात हजारांवरच्या भाड्याला १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलाय का तेही.

मुंबईहून गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, तासाभराचा प्रवास. रविवार संध्याकाळचं परतीचं तिकीट खोलीच्या आधी काढा. पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या लाँच बंद असतात.